शेजारचा रकाना

तहसील कचेरीच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली, स्टँपव्हेंडर आणि अर्ज लिहून देणाऱ्यांच्या टेबलांच्या रांगेत सगळ्यात शेवटी एक म्हातारे चाचा बसत. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. २०२३च्या हिवाळ्यात, मराठा घरांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायची धांदल चालली होती तेव्हा, त्या रांगेतली सगळ्यात मोठी गर्दी त्यांच्यापुढे असायची. मी वारसाच्या फेरफारासाठी गेले होते आणि तलाठी नेहमीप्रमाणे ‘आत्ताच फिल्डवर गेले’ होते, म्हणून चहाचा कागदी कप हातात घेऊन तिथंच उभी राहिले. पंचविशीतला एक पोरगा मोबाइल पुढं करून बसला होता. पडद्यावर जुन्या कुळ नोंदवहीच्या पानाचा फोटो होता. कडा वाळवीनं खाल्लेल्या, मधे घडीची काळी रेघ, वर निजामाच्या काळातला फसली सन. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल नाकाशी धरला आणि बोटानं पान उजवीकडून डावीकडं सरकवत वाचायला लागले. मौजे अमुक. सर्व्हे नंबर अमुक. पट्टेदार अमुक वल्द तमुक. “हे तुझ्या पणजोबाचं नाव. आणि हा शेजारचा रकाना कसणाऱ्याचा. कसणारा दुसरा आहे बेटा, त्याचं नाव...”

“ते राहू द्या चाचा. जातीचं काय लिवलंय ते बघा.”

चाचा जातीवर आले. हवा होता तो शब्द तिथं निघाला. पोराच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला, त्यानं ठरल्यापेक्षा पन्नास रुपये जास्त दिले, मागच्या दोघांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. सगळं छान झालं. फक्त तो कसणारा कोण, हे नाव चाचांच्या ओठांवर येऊन परत गेलं होतं. मीही विचारलं नाही. तलाठी आले होते.

मी राज्यशास्त्र शिकवते. स्वातंत्र्यानंतरच्या मराठवाड्याचं राजकारण आणि समाज असा पेपर बरीच वर्षं माझ्याकडंच आहे. त्यातली प्रकरणं मुलं झोपेतही सांगतील: मुक्तिसंग्राम, विलीनीकरण, नागपूर करार, विकास आंदोलन, नामांतर, अनुशेष. आमच्या प्रदेशाचा इतिहास सांगायच्या दोनच तऱ्हा आहेत, गौरव आणि गाऱ्हाणं. १७ सप्टेंबरला सकाळी झेंडावंदनात पहिली आणि दुपारच्या परिसंवादात दुसरी. स्वामी रामानंद तीर्थांच्या तसबिरीला हार घालून झाला की व्यासपीठावरचा कुणीतरी ‘आम्ही महाराष्ट्रात बिनशर्त आलो’ हे वाक्य म्हणतोच. मानपान, देणंघेणं काही न ठरवता पोरगी दिली आणि सासरच्यांनी पुढं विचारलं नाही, असा तो सूर असतो. गाऱ्हाणं खोटं आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये राज्याचा विकासाचा अनुशेष ३,१८६ कोटींचा काढला, त्यातला जवळपास चोवीस टक्के मराठवाड्याचा होता. मनमाडहून औरंगाबादला येणारी निजामाच्या काळातली मीटरगेज रुंद व्हायला नव्वदीचं दशक उजाडलं, आणि त्यासाठी १९७४च्या आंदोलनात मुलं रस्त्यावर उतरली होती. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं, २०२०च्या एप्रिलात त्याची मुदत संपली, आणि ती संपल्याचं गावात कुणाला कळलंसुद्धा नाही.

माझी अडचण त्या ‘आम्ही’शी आहे. गौरवातही ‘आम्ही’, गाऱ्हाण्यातही ‘आम्ही’. कचेरीतल्या पानावर मात्र जमीन ज्याच्या नावावर त्या पट्टेदाराचा रकाना वेगळा आणि कसणाऱ्याचा वेगळा.

आजीच्या बोलण्यात इसवी सन नसायचे. ‘रझाकारीत’, ‘अॅक्शनच्या साली’, ‘बहात्तरात’ आणि शेवटी ‘भूकंपाच्या वर्षी’ एवढ्यावर तिचं आयुष्य बसायचं. रझाकारीत ती नवी नवरी होती. आमचं गाव मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, आणि बार्शी इंग्रजीत, मधे काही कोसांचं अंतर. एका रात्री सगळं घर बैलगाड्यांतून बार्शीकडं निघालं. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढून ठेवल्या होत्या, कुत्र्यांना भाकरी टाकल्या होत्या, आणि तिनं पाटल्या चुलीच्या राखेत पुरल्या होत्या. हे ती इतक्या बारकाईनं सांगायची की मला त्या राखेचा वास यायचा. परत आल्यावर पाटल्या जागेवर सापडल्या, गोष्ट इथं संपायची. मग सुपारी कातरता कातरता, कुणी न विचारता, ती एक वाक्य जोडायची: “आपल्या आळीतला तांबोळी काही माघारी आला न्हाई.” कुठं गेला, कुणी घालवला, हे तिला माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, मला कधी कळलं नाही.

मोठी झाल्यावर त्या वाक्याचा पत्ता कागदावर लागला. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजेच्या कारवाईत, म्हणजे पोलीस अॅक्शनमध्ये, पाच दिवसांत निजामाची शरणागती झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीला पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार वगैरे मंडळी दिल्लीच्या सांगण्यावरून संस्थानात फिरली. पोलीस अॅक्शनदरम्यान आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत असा अंदाज त्यांनी दिला आणि सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. तो अहवाल पुढं कित्येक दशकं लोकांना वाचायलाच मिळाला नाही. वर्गात हे सांगितलं की लगेच मागच्या बाकावरून हात वर येतो, “पण मॅडम, रझाकारांनी काय केलं ते?” तेही सांगतेच, आधीच सांगितलेलं असतं: जाळलेली गावं, लेव्ही, लूट, त्यांच्याशी लढणारी सरहद्दीवरच्या कॅम्पांतली पोरं, त्यांचा म्होरक्या लातूरचा वकील कासीम रझवी. दोन्ही एकाच वहीत उतरवून घ्या म्हणते. काही मुलं उतरवतात. काही पेन खाली ठेवतात, आणि ती दोन्हीकडची असतात.

खरं राजकारण मात्र त्यानंतरच्या सात-आठ वर्षांत घडलं असं माझं मत आहे, आणि त्यालाच आमच्या अभ्यासक्रमात अर्धं पान आहे. ढोबळमानानं निजामाच्या राज्यात साठ टक्के जमीन दिवाणी, म्हणजे थेट सरकारी महसुलाची, तीस टक्के जहागिरीची आणि दहा टक्के सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाची खासगी. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी गेल्या. १९५०चा हैदराबादचा कुळकायदा तर त्या काळात देशातल्या पुढारलेल्या कायद्यांत मोजला जायचा. ठरावीक वर्षं जमीन कसलेल्याला ‘संरक्षित कुळ’ म्हणून नोंदवायचं, त्याला सहजी काढता येणार नाही, आणि पुढं मालकीही मिळेल अशी तरतूद. ‘३८-ई’ हा शब्द आजही आमच्याकडच्या कोर्टात रोज उच्चारला जातो, तो त्याच कायद्यातला. ए. एम. खुस्रो या अर्थतज्ज्ञांनी कायद्याचं प्रत्यक्षात काय झालं ते संस्थानभर पाहणी करून मांडलं. १९५१ मध्ये संरक्षित ठरलेल्या शंभर कुळांपैकी चार वर्षांनी पंचेचाळीसच त्या हक्कावर उरली होती. बाराएक जणांनी जमीन विकत घेतली. कायद्यानं निघाले ते दोन-तीन. बावीस बेकायदा हुसकावले गेले. आणि सतरा-अठरा जणांनी हक्क राजीखुशीनं सोडला.

राजीखुशीनं.

आमच्या घरी एक लोखंडी ट्रंक आहे, तिला कापराचा आणि जुन्या कातड्याचा वास येतो. वारसाच्या कामासाठी कागद शोधताना तिच्यात एक राजीनामा मिळाला. मी सदर जमीन आपल्या मर्जीने, कोणाच्या दाबाखाली न येता मालकाच्या ताब्यात देत आहे, अशा अर्थाच्या चार ओळी, एकाच वळणदार अक्षरात. खाली निशाणी अंगठा. तो अंगठा मी बराच वेळ पाहत बसले. शाई जांभळट पडलेली, रेषा मधेमधे तुटलेल्या, एका बाजूला तिरपी चीर. विळ्याची असेल, नांगराच्या दोरीची असेल. साक्षीदार म्हणून ज्यांच्या सह्या आहेत ती दोन्ही नावं आमच्याच भावकीतली. वडिलांना दाखवला. त्यांनी तो लांब धरून वाचला, घडी होती तशीच घातली आणि म्हणाले, “त्या वेळी समद्यांनीच केलं.” खरंच होतं ते, खुस्रोंच्या आकड्यांत ते बसतं. आईनं मात्र विचारलं नसताना त्या घराचं आडनाव सांगितलं. त्यांच्याकडची बाई आमच्या घरी कितीतरी वर्षं सुगीला येत होती, माझं बाळंतपण झालं तेव्हा तिनं शेर-दोन शेर हाळीव आणून दिला होता. माझी कॉलेजची फी, औरंगाबादच्या वसतिगृहाचं भाडं, हे सगळं त्याच रानातल्या कापसावर निघालं. त्या फीमधून मी राज्यशास्त्र शिकले आणि आता जमीन सुधारणांवर व्याख्यान देते. याचं काय करायचं असतं ते मला ठाऊक नाही. वाईट वाटतं म्हणावं तर ते फार सोपं वाटतं, आणि वाटत नाही म्हणावं तर ट्रंक उघडायला मी टाळाटाळ का करते?

ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं त्यांचा कागद तर आणखी निराळा. गावकुसाबाहेरच्या माणसानं पडीक गायरान नांगरलं की महसूल खातं त्याला अतिक्रमणाचा दंड करायचं. दंड भरला की पावती. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय झाला तेव्हा त्याच पावत्या ताब्याचा पुरावा ठरल्या. दंड झाल्याचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, देव्हाऱ्यामागं जपून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. ज्यांच्या वाडवडिलांना दंडच झाला नाही, म्हणजे तलाठी तिथवर गेलाच नाही, त्यांच्याकडं पुरावाच नाही. या घरांमधली पहिली पोरं बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला काढलेल्या कॉलेजात शिकली, नागसेनवनात राहिली आणि गावी परतल्यावर ‘जोहार’ घालेनाशी झाली. २७ जुलै १९७८ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि गावोगाव घरं पेटली, टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा जीव गेला, ते सगळं एका नावामुळं झालं असं उत्तर मुलं लिहितात. पाच गुण देते मी. पण गायरान कुणी धरलं, सालगडी म्हणून राहायला कुणी नकार दिला, मेलेलं ढोर ओढायला कुणी ‘नाही’ म्हटलं, हे त्या जळालेल्या घरांच्या मागं जाऊन पाहिलं तर दहा गुणांचं उत्तर होईल. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ला, नामविस्तार झाला. मागं आणि पुढं मिळून दोन्ही नावं राहिली. आमच्या प्रदेशाला तडजोड जमते ती अशी.

आणि १९५६ची, राज्य पुनर्रचनेची ती रेघ. नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कलं तिकडं, आंध्र प्रदेशात, राहिली, तसंच मुधोळ, भैंसा, कुबेर. उलट आदिलाबादचं किनवट इकडं आलं, बिदरमधून उदगीर, निलंगा, अहमदपूर आलं आणि भालकी, औराद म्हैसूरकडं गेलं. भाषावार प्रांतरचना हा विषय शिकवताना नकाशावर रंग भरले की संपतो. किनवटकडच्या एका तांड्यावर बसलं की संपत नाही. इथल्या बाईचं माहेर रेघेपलीकडं. तिकडचा लंबाडा १९७६ पासून अनुसूचित जमातीत, इकडचा बंजारा विमुक्त जातीत. सख्ख्या बहिणींच्या पोरांचे दाखले दोन रंगांचे. २ सप्टेंबर २०२५ला हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे मराठा समाजाला कुणबी दाखले देण्याचा शासन निर्णय निघाला आणि लगोलग बंजारा समाजाचे मोर्चे निघाले, त्याच गॅझेटियरचा हवाला देऊन, जमातीच्या दाखल्यासाठी. ओबीसींचेही निघाले, तो निर्णय मागं घ्या म्हणून. ज्या राजवटीतून सुटल्याचा दिवस आम्ही साजरा करतो, तिनं लिहून ठेवलेल्या नोंदींवर आमचा एवढा विश्वास! आजी असती तर सुपारी कातरायची थांबली असती.

त्या मोबाइलवाल्या पोराला मी नावं ठेवत नाही. त्याची जागा मला दिसते. पणजोबाच्या नावावर तीस-चाळीस एकर असतील, आता सात-बारावर दीड पान भरून नावं आणि त्याच्या वाट्याला दोन एकर. सोयाबीनला भाव नाही, पोलीस भरतीचं वय निघून चाललंय, लग्न जमत नाही. अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाच्या उपोषणावर लाठीमार झाला तेव्हा तो तिथं नसेल कदाचित, पण दुसऱ्या दिवशी रस्त्यावर नक्की असेल. त्याच्या हातात एकच दार आहे आणि त्याची किल्ली एका शब्दात आहे, तर तो तोच शब्द शोधणार. त्यातही मेख अशी की जुना कागद ज्याच्या घरात जमीन होती त्याचाच जास्त निघतो. मराठ्यांतलाच जो पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबला, त्याचं नाव ना पट्टेदारात ना पाहणी पत्रकात, सापडलं तर जन्ममृत्यूच्या वहीत. सगळ्यांत जास्त गरज ज्याला, तोच कागदाविना राहतो.

पुढं एकदा सवड काढून चाचांकडं मुद्दाम गेले. गर्दी ओसरली होती. त्यांचे वडील तहसीलमध्ये पेशकाराच्या हाताखाली कारकून होते, त्यांच्याकडून चाचा शिकस्ता वाचायला शिकले. शिकस्ता म्हणजे कारकुनी घाईची उर्दू, नुकते गाळलेली, अक्षरात अक्षर घुसलेली, छापील उर्दू येणाऱ्यालाही न लागणारी. अॅक्शननंतर कचेरीची भाषा बदलली आणि वडिलांची नोकरी कशीबशी टिकली, पण हाताखाली मराठी येणारा पोरगा आला आणि वडील त्याला फायली शोधून देणारे झाले. घरात याबद्दल कधी बोलणं व्हायचं नाही म्हणाले. सत्तर-पंचाहत्तर वर्षं ज्या अक्षराला कुणी कुत्रं विचारत नव्हतं, त्यावर आता तालुक्यातली पोरं त्यांना ‘चाचा, चाचा’ करत घरून जीपनं घेऊन जातात. कुणबी नोंदी शोधणाऱ्या शिंदे समितीचं काम जोरात होतं तेव्हा रात्री उशिरापर्यंत वाचन चाले. मोडीवाले एक काका आणि हे, दोघंच. मी विचारलं, पूर्ण पान वाचायचे किती घेता? ते हसले. “जातीचा खाना बघायचे शंभर. अख्खं पान कुणी वाचायलाच लावत नाही मॅडम, त्याचा रेट मी ठरवला नाही.”

मग मी ठरवलं. म्हणजे रेट नाही, प्रकल्प. सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवलेल्या आहेत, पानंच्या पानं, फुकट बघता येतात. त्यातली बरीच मराठीत आणि मोडीत आहेत. एम.ए.च्या मुलांना सांगितलं, प्रत्येकानं एक सर्व्हे नंबर घ्यायचा आणि १९५० पासून आजपर्यंत त्याच्या मागं जायचं. जात सोडून बाकीचे सगळे रकाने. कसणारा कोण, तो कधी गेला, कशानं गेला, राजीनामा की फेरफार की नुसतंच नाव उडालं, १९७२च्या दुष्काळात विकलं का, कॅनॉल आला का, त्यात कुणाचं गेलं, आज बांधावर कोण उभं आहे, आणि या सगळ्यात बाईचं नाव पहिल्यांदा कुठल्या साली आलं. खासरा पत्रक, मग सात-बारा, मग गावातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलणं, याच क्रमानं. वर्गात चुळबुळ झाली. एकानं विचारलं, याला संदर्भग्रंथ कोणता वापरायचा? दुसऱ्यानं विचारलं, नेट-सेटला हे येतं का? येत नाही, म्हटलं.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, तास संपल्यावर टेबलापाशी आली. घरचाच सर्व्हे नंबर घेतला तर चालेल का? कागद घरातच आहेत, झेरॉक्सचा खर्च वाचेल. चालेल म्हणाले, पण आधी घरी विचारून घे. पुढच्या आठवड्यात ती आली ती नवा गट नंबर वहीत लिहूनच.

“वडील म्हणाले, आपला नको. शेजाऱ्याचा घे.”